मास्तरांचा डावा पाय

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, एका बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, भिवंडी–वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्यापाशी मोटार ट्रेनिंगची एक पांढरी गाडी शहाळ्यांच्या हातगाडीवर आदळली. गाडीत दोघं होती: शिकणाऱ्या सुरेखाताई जाधव आणि शिकवणारे भगवान म्हात्रे, वय एकसष्ट. कोणाला इजा झाली नाही. हातगाडीचं एक चाक वाकलं आणि सतरा शहाळी रस्त्यावर गडगडली; त्यातली चौदा परत मिळाली. शहाळीवाल्याशी जागेवरच मिटलं, पोलिसांत नोंद झाली नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात चार ओळी आल्या. मथळा होता, 'क्लच निकामी. शिकाऊ गाडी हातगाडीवर'. बातमी मी दिली होती.

चारपैकी तीन ओळी बरोबर होत्या.

भगवान म्हात्रे यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीपर्यंतचा. त्यानंतर बारा वर्षं ते भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात जॉबर होते. बंद पडलेला लूम चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. पुढे काही वर्षं टेम्पो चालवला आणि मग अंबाडीला क्लास काढला. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. या अठ्ठावीस वर्षांत गाडीला ओरखडे पुष्कळ पडले, पण ते सगळे उभ्या गाडीला आणि दुसऱ्यांनी पाडलेले, असा मास्तरांचा दावा होता. तो खोडून काढणारा कोणी भेटला नाही.

क्लासच्या दाराबाहेर नेहमी चपलांची रांग असे. पहिला आठवडा अनवाणी शिकायचं, हा मास्तरांचा नियम. "तळव्याला कळल्याबिगर बुटाला कसा कळंल?" असं ते विचारत. मी शिकत होतो त्या दिवसांत एकदा वज्रेश्वरीला निघालेलं एक कुटुंब ती रांग पाहून थांबलं. गृहस्थांनी चपला काढल्या, आत आले, हात जोडले आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, "देव कुठेय?" मास्तर टेबलामागून उठले नाहीत. "देव वज्रेश्वरीला. हितं फक्त त्याच्याकडं जायाचा रस्ता शिकवतो. बसा, पानी घ्या."

त्या चपलांचा मास्तरांना दुसराही उपयोग होता. येणाऱ्याचा डावा जोडा ते उलटा करून बघत. गाडी आधीपासून चालवणारे, पण क्लचची प्लेट सारखी जाते म्हणून वैतागलेले लोकही त्यांच्याकडे येत. अशा लोकांच्या डाव्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली असते, असं मास्तरांचं निरीक्षण होतं. एकदा भिवंडी कोर्टातले एक वकील आले. वर्षात दुसऱ्यांदा क्लच प्लेट जळाली होती. दोष कंपनीचा आहे आणि आपण तिला नोटीस पाठवणार आहोत, असं त्यांनी उभ्या उभ्या जाहीर केलं.

मास्तरांनी त्यांचा बूट हातात घेतला. "साहेब, नोटीस या टाचेला पाठवा."

"म्हणजे?"

"तुमचा डावा पाय क्लचवर बसायाला जातो. कोर्टात बाकावर बसतात तसा. पाय वरती नुस्ता टेकला तरी आत प्लेट घासते. गियर टाकून झाला की पाय बाजूला. पाव्हनचाराला गेलाव तर येळ झाल्यावर उठता का न्हाय?"

वकिलांनी नोटीस पाठवली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मुलाला क्लासला पाठवलं.

पाहुणा हा मास्तरांचा आवडता शब्द. पहिले तीन दिवस ते क्लचखेरीज काही शिकवत नसत. एका गोदामामागच्या सपाट मोकळ्या जागेत गाडी नेत, पहिला गियर टाकायला लावत आणि ॲक्सिलेटरला पाय न लावता नुसता क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायला सांगत. क्लच सोडताना एका जागी गाडी अंग शहारल्यासारखी थरथरते. प्लेट तिथे पकड घेते. ती जागा सापडली की शिकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "आला!" मग मास्तर म्हणत, "पाव्हना दारात आला. आता दार धाडकन उघडू नको. हलूच." दार धाडकन उघडलं की गाडी उडी मारून बंद पडे आणि मास्तर शांतपणे म्हणत, "गेला पाव्हना परत. न जेवता गेला."

एका लूम कारखान्याच्या मालकाने तिसऱ्या दिवशी धीर सोडला. "मास्टर, गाडी कब चलाएंगे?"

मास्तरांची हिंदी म्हणजे मराठीला घातलेली टोपी. "आप क्लच चलाव सेठ. गाडी आपोआप चलेंगा."

"और ब्रेक?"

"ब्रेक तो डरनेवाला हर कोई मारता हाय. उसमे क्या सिखने का?"

उताराचा धडा ते गणेशपुरीच्या बाजूला एका उतारावर देत. पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर क्लच दाबून धरायचा किंवा गाडी न्यूट्रल करायची, ही सवय त्यांना सहन होत नसे. गाडी गियरमध्ये असली की इंजिन तिला मागे धरून ठेवतं. क्लच दाबला की ते सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे बहुतेकांना सांगून कळे. बँकेतल्या एका अधिकाऱ्याला कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने क्लच दाबून उतार घेतला तेव्हा मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्याला खाली उतरवलं.

"साहेब, हितनं खाली पला. मी टाली वाजवली की थांबा."

साहेब चाळिशीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. पळाले. टाळी वाजल्यावर पंधरा-वीस पावलं पुढे जाऊन, दोन्ही हात फिरवत कसेबसे थांबले.

"आता परत वर या. आता टाच रोवत रोवत उतरा."

या वेळी टाळीबरोबर पाय थांबले. "पयल्या वक्ताला तुम्ही क्लच दाबला व्हता," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या वक्ताला गियरमधी व्हतात. घामाचा फरक बघा." गणेशपुरीच्या आश्रमात आलेली काही मंडळी थांबून पाहत होती. त्यांच्यातल्या एकाने हा कोणता व्यायाम म्हणून चौकशी केल्याचं मास्तर सांगत. तेवढ्या भागाला दुसरा साक्षीदार नाही.

शेवटच्या दिवसाचा धडा मात्र क्लास केलेल्या प्रत्येकाला आठवतो. चांगली चाललेली गाडी, मास्तर खिडकीबाहेर बघत कोणाच्या तरी भाताबद्दल बोलत असायचे, आणि मध्येच ओरडायचे, "क्लच गेला!" खरं तर गेलेला नसे. पण शिकणाऱ्याने तो गेला असं समजायचं. ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा, गाडी डावीकडे घ्यायची, ब्रेक दाबायचा, इंजिन आचके देऊन बंद पडलं तर पडू द्यायचं. क्लचचं पेडल पुन्हा पुन्हा दाबत बसायचं नाही. "मेलेल्याला हाका मारून येत न्हाय," हे त्यावरचं भाष्य.

स्वतः मास्तरांनी हा प्रसंग खराखुरा एकदाच अनुभवला होता. भिवंडीत ऐन गर्दीत क्लचची केबल तुटली. मागे कंटेनर, पुढे रिक्षा, सगळे हॉर्न वाजवताहेत. मास्तरांनी इंजिन बंद केलं, पहिला गियर टाकला आणि गियरमध्येच चावी फिरवली. गाडी स्टार्टरच्या जोरावर ठेचकाळत निघाली. पुढे इंजिनाचा सूर ऐकून क्लचशिवाय गियर बदलत त्यांनी ती अंबाडीपर्यंत आणली. सोबत शिकणारा कॉलेजचा मुलगा होता. तो सगळ्यांना ही गोष्ट कौतुकाने सांगू लागला तेव्हा मास्तरांनी त्याला गप्प केलं. "ती केबल पंधरा दिस कुरकुरत व्हती. मी ऐकली न्हाय. क्लच कधी धोका देत न्हाय, सांगून जातो. जलका वास येतो, इंजिन वरडतो पन गाडी चढत न्हाय, पेडल खाली जाऊन बसतो. आपन ऐकत न्हाय. यात कवतुक कसला?"

त्या बुधवारी काय झालं ते आता नीट सांगता येतं.

सुरेखाताई गणेशपुरीजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत. क्लासचा त्यांचा अठरावा दिवस होता. नाक्यापाशी पुढची एसटी थांबली. सुरेखाताईंनी गाडी पहिल्या गियरवर आणली होती. बसच्या मागून, बस आणि गाडीच्या मधल्या जागेत, शाळेच्या दोन मुली रस्ता ओलांडायला उतरल्या. सुरेखाताई घाबरल्या आणि त्यांचा उजवा पाय ॲक्सिलेटरवरच राहिला. शिकाऊ गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो, तो अशाच वेळेसाठी. मास्तरांनी दोन्ही पाय मारले. ब्रेक लागला. क्लच दाबला गेला नाही. इंजिन गाडीला पुढे रेटत होतं, ब्रेक मागे ओढत होता, आणि गाडी आचके देत मुलींच्या दिशेने सरकली. मास्तर ओरडले, "क्लच गेला!"

सुरेखाताईंना तो शेवटच्या दिवसाचा धडा ठाऊक होता. सगळ्यांनाच तो ऐकून ठाऊक असतो. त्यांनी पाय उचलला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढलं. डावीकडे शहाळीवाला होता. मुलींपासून गाडी चार फुटांवर राहिली, असं समोरच्या दुकानदाराने सांगितलं. सुरेखाताईंच्या मते तीन.

मी तासाभराने पोहोचलो. काय झालं असं विचारलं. मास्तर म्हणाले, "क्लच गेला." मी लिहून घेतलं. म्हात्रे मास्तर क्लचबद्दल सांगताहेत म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला विचारावं असं मला वाटलं नाही. नाक्यावरही कोणाला वाटलं नाही.

अडचण अशी होती की त्या गाडीत क्लचची नवी प्लेट तीनच आठवड्यांपूर्वी बसली होती, आणि ती बसवली होती रफिकभाईने. रफिकभाईचं गॅरेज क्लासपासून दोनशे पावलांवर. वडील उत्तर प्रदेशातून लूमवर आले. रफिकभाईने मात्र पाना धरला. मास्तरांची गाडी पंधरा वर्षं त्याच्याकडेच. बातमीत त्याचं नाव नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. गुरुवारी दुपारपर्यंत नाक्यावर बोललं जाऊ लागलं की रफिकने जुनी प्लेट घासून नवी म्हणून बसवली. शुक्रवारी एका टेम्पोमालकाने आपला टेम्पो अर्ध्या कामातून ओढून दुसरीकडे नेला. शनिवारी दुसऱ्याने.

शनिवारीच रफिकभाईने मास्तरांच्या गाडीचा गियरबॉक्स उतरवला. मास्तर आणि त्यांची मुलगी मनीषा समोर उभे होते. मनीषा चार वर्षांपासून क्लासमध्ये बायकांची सकाळी नऊची बॅच घेते. पुढचं तिच्याकडून आणि रफिकभाईकडून वेगवेगळं ऐकलं. दोघांचं जुळतं.

प्लेट नवीच्या नवी होती. केबल ठीक, डाव्या सीटचं पेडल ठीक. रफिकभाईने प्लेट कापडाने पुसून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती उलटीसुलटी केली.

मग रफिकभाई म्हणाला, "मास्टर, मेरी गलती बोल दो. प्लेट खराब थी. गॅरेज है, चार दिन बोलेंगे, भूल जाएंगे. आपका अट्ठाईस साल का नाम है."

मास्तर म्हणाले, "गाडी जोड."

घरी जाताना मनीषाने विचारलं, "बाबा, गुडघा कधीपासून दुखतो?"

"दुखत न्हाय."

"मग जिना चढताना कठडा कशाला धरता?"

"कठडा हाय म्हनून धरतो."

"पावसाळ्यापासून धरता. क्लच सांगून जातो, आपन ऐकत न्हाय. कोन बोलतो हे? मी का तुम्ही?"

रविवारी सकाळी सातला मास्तर गोदामामागच्या मोकळ्या जागेत गेले. सोबत मनीषा आणि रफिकभाई. मास्तर डाव्या सीटवर बसले, मनीषा चालवायला. तिने गाडी पहिल्या गियरवर चालवायची आणि मनात येईल तेव्हा, न सांगता, ओरडायचं: "दाब!" मास्तरांनी क्लच दाबायचा. वीस वेळा. रफिकभाईने बाहेर उभं राहून मोजायचं.

पहिल्या पाच वेळा पाय बरोबर गेला. सहाव्याला गुडघा अडकला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. "चालेल, चालेल, ठंड है सुबह की," रफिकभाई म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू मोज. बोलू नको." अकराव्याला पुन्हा. मग पंधराव्याला आणि अठराव्याला. वीस झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "किती?"

"सोलह बार बराबर गया, मास्टर."

"मी तो न्हाय विचारला."

"चार."

"बसच्या मागं दोन पोरी व्हत्या," मास्तर म्हणाले. "त्या चारातल्या एकात."

मनीषा म्हणाली की बाबा, दाखवू डॉक्टरला, औषध घेऊ, ऑपरेशन लागलं तर करू, पण हे गावभर सांगायची गरज नाही. क्लासमध्ये त्या वेळी अकरा जण शिकत होते. मास्तरांचा पाय चालत नाही म्हटल्यावर किती जण राहतील? आणि क्लासवर तिचं घर चालतं. हे तिने रफिकभाईसमोरच म्हटलं.

मास्तर म्हणाले, "आनि याचा घर कशावर चालतो?"

सोमवारी दुपारी ते भिवंडीला आमच्या कार्यालयात आले. दोन जिने चढून, कठडा धरून. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि खिशातून त्या चार ओळींचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

"यातला क्लच काढ आनि पाय घाल."

मी म्हटलं, "मास्तर, चार दिवस झाले. लोक विसरले असतील."

"टेम्पोवाला इसरला? मंग टेम्पो कुठं नेला त्यानं?"

"पण तुम्हीच तर म्हणालात, क्लच गेला."

"बोललो ना. तोंडातनं निघाला, सवय हाय. पन मी तुला शिकवताना काय शिकवला? आरशात बघ, आनि मागं वलूनशी बघ. तू नुस्ता आरशात बघितला."

मी दुरुस्ती लिहायला घेतली आणि विचारलं, "नाव घालायचं?"

"मंग काय शहाळीवाल्याचा घालनार?"

संपादकांनी मजकूर दोनदा वाचला. स्वतःच्या विरुद्ध दुरुस्ती छापून घ्यायला आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ते बाहेर येऊन मास्तरांना म्हणाले, "एकदा छापलं की परत घेता येणार नाही."

मास्तर म्हणाले, "म्हनून तर पयला परत घ्यायाला आलोय."

मंगळवारच्या अंकात, बातमी होती त्याच पानावर, हा मजकूर आला: 'दुरुस्ती. अंबाडी नाक्यावरील अपघाताच्या गुरुवारच्या बातमीत गाडीचा क्लच निकामी झाल्याचे म्हटले होते. ते चुकीचे आहे. गाडीचा क्लच सुस्थितीत होता. प्रशिक्षकाच्या डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे पेडल वेळेत दाबले गेले नाही, असे प्रशिक्षक भगवान म्हात्रे यांनी स्वतः येऊन कळविले आहे.'

त्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात. अकरापैकी चौघांनी क्लास सोडला. दोघं महिन्याभरात परत आली. रफिकभाईकडचा एक टेम्पोमालक परत आला. दुसऱ्याचं कळलं नाही. सुरेखाताई परीक्षेत दुसऱ्या खेपेला पास झाल्या. पहिल्या खेपेला त्या चढावर गाडी थांबवून मोठ्याने "आला!" म्हणाल्या आणि परीक्षकाने कोण आला म्हणून मागे वळून पाहिलं, असं मनीषा सांगते. नापास मात्र त्या वेगळ्याच कारणाने झाल्या.

मास्तरांना मी पुढे पाहिलं ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रफिकभाईच्या गॅरेजमध्ये. डाव्या सीटपुढची दोन्ही पेडलं मास्तरांच्या पायांच्या मापाने बसवलेली होती, आणि मास्तर सहा फुटांना एक इंच कमी. मनीषा पाच फूट. चार वर्षं ती सीट पूर्ण पुढे सरकवून, वर पाठीमागे दोन उशा घेऊन शिकवत होती. त्या दिवशी रफिकभाईने दोन्ही पेडलं काढली, सळया वाकवल्या, वेल्डिंग केलं आणि पेडलं सीटकडे तीन इंच सरकवून बसवली. मास्तर शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होते. रफिकभाई "हां मास्टर, हां मास्टर" म्हणत स्वतःच्या मनाने काम करत होता.

काम झाल्यावर मास्तर म्हणाले, "थांब, मी बघतो." चप्पल काढून ते डाव्या सीटवर बसले. गुडघे डॅशबोर्डला टेकले. पाय पेडलावर ठेवायला जागा उरली नाही. सीट मागे सरकवू का, असं रफिकभाईने विचारलं. मास्तर नको म्हणाले, दार धरून उतरले आणि बाजूला उभे राहिले.

मग मनीषा बसली. उशा मागच्या सीटवर होत्या, त्या तिने घेतल्या नाहीत. तिने डावा पाय ठेवला, क्लच तळापर्यंत दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"पुरतो?" मास्तरांनी विचारलं.

"पुरतो."

नऊची बॅच वाट पाहत होती. शिकणारी मुलगी चालवायला बसली. नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी गॅरेजमधून निघाली आणि अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागली. डाव्या सीटवर मनीषा होती.